मदत हवी आहे: पायाच्या धमन्यांत कॅल्शियम, तरी रक्तपुरवठा 'उत्तम' कसा?

बाबा, वय ७२, गुहागर तालुका. साखर जुनी, क्रिएटिनिन १.९, म्हणजे मूत्रपिंडही कमजोर. खडपात कालवं काढताना डाव्या पायाच्या अंगठ्याला धार लागली. कुणाला न सांगता हळदीवर भागवलं. आता जखम भरत नाहीये, कड काळपट दिसतेय.

हाडापर्यंत गेलंय का म्हणून एक्स-रे काढला. हाड ठीक, पण धमन्या रुळांसारख्या दोन समांतर रेघांत उमटल्यात. रिपोर्टमध्ये 'म्योन्केबर्ग, मधल्या थरात कॅल्शियम' असं आहे. मग घोट्याचा आणि दंडाचा बीपी घेऊन एबीआय (घोट्याचा बीपी भागिले दंडाचा) काढला: उजवा १.४२, डावा १.४८. डॉक्टर म्हणाले, ०.९ च्या वर आहे, काळजी नको. मग जखम का भरत नाही?

वाडीने निदान करून टाकलंय: सुकटीतलं कॅल्शियम आणि पानाचा चुना. आईने सुकट बंद केली. पान बंद करणं तिच्याही हातात नाही. गुडघ्यांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत, त्या थांबवू का? पुढची तपासणी कुठे करावी?

प्रतिसाद १
त्या एबीआयवर विसंबू नका. धमनीच्या मधल्या, स्नायूंच्या थरात कॅल्शियम बसलं की भिंत कडक होते. पट्टा फुगवला तरी ती नीट दाबली जात नाही आणि आकडा खोटाच वर जातो. १.४ च्या वरचा आकडा म्हणजे 'मोजता आलं नाही' असं समजा. पायाच्या बोटांच्या धमन्या बहुधा यातून सुटतात, म्हणून टो-ब्रेकियल इंडेक्स (घोट्याऐवजी बोटाचा बीपी भागिले दंडाचा) करतात. तो ०.७ च्या खाली आला तर पुरवठा कमी. अंगठ्याला जखम आहे, तेव्हा शेजारच्या बोटावर घेता येईल का ते विचारा. मधल्या थरातलं कॅल्शियम एकटं नळी बुजवत नाही, पण मधुमेहात आतल्या थरातले चरबीचे अडथळेही बरेचदा जोडीला असतात.

प्रतिसाद २
सुकट बिचारी निर्दोष! वय, मधुमेह आणि मूत्रपिंड ही खरी कारणं. रक्तात फॉस्फेट वाढलं की धमनीतल्या स्नायूपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. गोळ्यांचं मात्र फॉस्फरस, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) तपासून किडनीच्या डॉक्टरांनाच ठरवू दे. वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असेल तर तेही सांगा, त्यानेही हे वाढू शकतं.

चिपळूण, रत्नागिरी, कोल्हापूर, कुठेही जा, पण आधी फोन करून 'टो प्रेशर होतं का' असंच विचारा. नुसतं डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) म्हणालात तर हो म्हणतील आणि हेलपाटा पडेल. कड काळी पडतेय म्हणता, तर याच आठवड्यात व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनला दाखवा. ताप, वास किंवा लाली चढताना दिसली तर त्याच दिवशी.

धागाकर्ता
वॉरफरिन नाही. वास कालपासून येतोय. आज दुपारीच निघतो.