कंबरदुखीला चिनी सुया: पेशंटनं नक्की काय अपेक्षा ठेवायची?

नीरगाठ (धागाकर्ती)

जर्मनीत सरकारी आरोग्य विमा ॲक्युपंक्चरचे पैसे दोनच दुखण्यांना देतो: सहा महिन्यांपेक्षा जुनी कंबरदुखी आणि गुडघ्याची झीज. सहा आठवड्यांत दहा बैठका, फार तर बारा आठवड्यांत पंधरा. इथल्या मराठी ग्रुपवर कुणाची कंबर धरली की "सुया लावून घे, विम्यात बसतं" हा सल्ला ठरलेला. त्याला माझी हरकत नाही. पुढे जे येतं ना, "नाड्या मोकळ्या होतात, दुखणं मुळापासून जातं", त्याला आहे.

विम्यानं २००६ साली हा निर्णय घेतला तो गेरॅक नावाच्या जर्मन चाचण्यांवरून. कंबरदुखीचे निकाल पुढच्या वर्षी छापून आले. ११६२ पेशंट, चिठ्ठ्या टाकून केलेले तीन गट. एकाला चिनी पद्धतीच्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला बिंदू सोडून भलतीकडेच, वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला नेहमीचं: औषधं, फिजिओ, व्यायाम. सहा महिन्यांनी फरक पडलेले पेशंट अनुक्रमे ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के.

म्हणजे सुयांनी नेहमीच्या उपचाराला चांगलंच मागे टाकलं, पण सुई कुठे टोचली यानं जवळपास काही बिघडलं नाही. तेव्हा अपेक्षा ठेवायची ती अशी: साधारण निम्म्या लोकांना आराम, कायमची सुटका नाही, आणि "हा खास बिंदू आमच्याकडेच" म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला नमस्कार. विम्यानं पैसे जरूर द्यावेत, पण पहिल्या सुईच्या आधी डॉक्टरनं हे तीन आकडे पेशंटला सांगावेत.

तिरपा_डोळा

असहमत. खोटा उपचार खऱ्याइतकाच चालला तर गोळीच्या बाबतीत आपण काय म्हणतो? गोळी नापास. सुईला सवलत का?

शिवाय तो २७.४ चा आकडा नीट बघा. चाचणीत नाव घालणारे बरेचसे लोक नेहमीच्या उपचारांना आधीच कंटाळलेले. सुया मिळतील म्हणून आले आणि चिठ्ठी निघाली पुन्हा फिजिओची! त्यांना बरं कसं वाटणार? सुईवाल्या दोन्ही गटांना निदान काहीतरी नवीन मिळालं. कुठले उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या इंग्लंडच्या नाइस या सरकारी संस्थेनं २००९ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरची शिफारस केली होती आणि २०१६ मध्ये काढून टाकली. उगाच नाही.

चेंगडूकर

माझं एमबीबीएस चेंगडूचं. चिनी वैद्यक हा विषय आम्हाला सक्तीचा होता, वॉर्डातही बसवायचे. वरच्या दोघांनी सुया लावणारा चिनी वॉर्ड पाहिलेला दिसत नाही म्हणून लिहितो.

तिथे शांत संगीत वगैरे प्रकार नाही. एका हॉलमध्ये ओळीनं खाटा, वर लाल दिवे शेकायला, कुणाच्या सुयांना विजेच्या चिमट्या लावलेल्या, आणि सगळीकडे जळत्या मोक्साचा (शेक द्यायला जाळतात त्या वाळवलेल्या पाल्याचा) वास. नाडी आणि जीभ बघतात, "झोप कशी, पोट कसं" विचारतात. चेहऱ्याचा लकवा, पक्षाघातानंतरचे पेशंट, मानदुखी, कंबरदुखी हीच गर्दी. दहा बैठकांचा एक कोर्स, रोज किंवा दिवसाआड. आठवड्यातून एकदा येऊन "काही फरक नाही" म्हणणाऱ्याला तिथले म्हातारे डॉक्टर हसतील.

आता खोट्या सुईबद्दल. ती साखरेची गोळी नव्हे. कातडीत काहीही टोचलं की नसांना कळतंच. चिनी डॉक्टर सुई फिरवून पेशंटला जड, बधिर, ठणकल्यासारखं वाटेपर्यंत थांबतो, त्याला 'दे ची' म्हणतात. गेरॅकच्या खोट्या गटात तेवढं मुद्दाम टाळलं होतं. तरी तो गट ४४ वर गेला, याचा अर्थ सुई काम करते असाही निघतो. २०१८ मध्ये ३९ चाचण्यांतल्या वीस हजारांवर पेशंटांचा डेटा एकत्र तपासला, तेव्हा खरी सुई खोटीपेक्षा सरस निघाली. फरक लहान, पण आहे.

तिरपा_डोळा

"लहान, पण आहे" हे दवाखान्याच्या पाटीवर लिहा की मग. पाटीवर मायग्रेन, वंध्यत्व, मधुमेह, सगळंच असतं.

आणि त्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या परंपरेचा फार बडेजाव नको. १८२२ मध्ये खुद्द चीनच्या बादशहानं राजवैद्यांच्या संस्थेतून ॲक्युपंक्चर हद्दपार केलं होतं. त्याला पुन्हा चांगले दिवस आले ते माओच्या काळात. डॉक्टर कमी आणि लोक अफाट, म्हणून. पाश्चात्त्यांना वेड लागलं १९७१ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्सच्या जेम्स रेस्टन यांचं पेकिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा. लोक अजून सांगतात की सुया लावून, भूल न देता पोट फाडलं. साफ चूक. भूल नेहमीच्या इंजेक्शनची होती, सुया लावल्या नंतर पोट दुखायला लागल्यावर.

सोलापुरी_चटणी

अवांतर: आमच्या कोटणीसांनी ॲक्युपंक्चर भारतात आणलं असं बऱ्याच ठिकाणी ठोकून देतात. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सर्जन होते, युद्धकाळात भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिकडेच वारले. त्याच वैद्यकीय पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसू पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि कोलकात्यात सुरू केली. चालू द्या.

गुडघेवाली_मावशी

तुमच्या टक्केवारीत मला गती नाही, पण सुया मी घेतल्यात. उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर येते. टोचताना मुंगी चावल्याइतकंच, नंतर पायात जडपणा येतो तो मात्र चमत्कारिक. अर्धा तास पडून राहायचं. पहिल्या काही वेळा काहीच कळलं नाही, मग जिना उतरताना कठड्याचा हात हळूहळू सुटला. काही महिन्यांनी दुखणं परत आलं, पण आधीइतकं नाही. व्यायाम मी सोडला नव्हता, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा.

नीरगाठ, तुझं मात्र पटलं नाही गं. मी टेबलावर पडलेय आणि डॉक्टर सांगतोय की कुठेही टोचलं तरी चालतं. अशानं गुण येईल? वैद्यावर थोडा विश्वास ठेवावाच लागतो.

नीरगाठ

मावशी, विश्वास हवाच, पण तो खोटं सांगून मिळवायचा का? सांगितलं म्हणून गुण जातोच असंही नाही. हार्वर्डचे टेड कापचुक स्वतः मकावला चिनी वैद्यक शिकलेले. त्यांनी २०१० मध्ये आतड्यांचा त्रास असलेल्या ८० पेशंटांवर प्रयोग केला. एका गटाला "या गोळीत औषध नाही" असं स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या, दुसऱ्याला काहीच नाही. सांगून दिलेल्यांना जास्त आराम पडला.

तिरपा_डोळा, मायग्रेनचं मात्र इतकं सोपं नाही. कॉक्रेन ही संस्था एखाद्या उपचाराच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासते. तिच्या २०१६ च्या आढाव्यात, फक्त डोकं उठलं की गोळी घेणाऱ्यांपैकी शंभरात १७ जणांची डोकेदुखी निम्म्यावर आली, सुया घेणाऱ्यांत ४१ जणांची. वंध्यत्व, मधुमेहाच्या पाट्यांबद्दल तुमच्याशी सहमत.

चेंगडूकर

धोक्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. जर्मनीतच सव्वादोन लाखांहून जास्त पेशंटांची नोंद ठेवली होती. ८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, बहुतेक थोडं रक्त किंवा काळंनिळं. फुप्फुसाला सुई लागून हवा भरण्याचे प्रकार दोन. म्हणून छातीपाठीवर टोचणाऱ्याला शरीररचना यायलाच हवी, आणि सुई दर वेळी नवी, तुमच्यासमोर पाकीट फोडून. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. पेसमेकर असेल तर विजेच्या चिमट्या नकोत. आणि कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर सुया विसरा आणि थेट इमर्जन्सीत जा.

तिरपा_डोळा

चेंगडूकरांच्या या प्रतिसादाला +१. बाकी, ८० जणांच्या आतड्यांवरून माझ्या कंबरेचा निकाल लावू नका, आणि पैसे विम्याचे म्हणजे शेवटी आमच्याच पगारातून कापलेले. मी व्यायामाला चाललो.