मदत हवी आहे: वय ४७, वजनं उचलायला लागल्यापासून तब्येत सुधारतेय पण उड्या मारताना लघवी होते, व्यायाम थांबवू का?

नमस्कार मैत्रिणींनो, बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, पण घरात कुणाशी बोलता येत नाही म्हणून इथे लिहितेय, जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरची, वय ४७, दोन मुलं, दोन्ही नॉर्मल डिलिव्हरी, धाकटा चार किलोचा होता. पाळी दीड वर्षापासून अनियमित, कधी दोन महिने पत्ता नाही तर कधी पंधरा दिवसांत परत, आणि रात्री दोनच्या सुमारास घामाने गाऊन भिजून जाग येते. चालणं मी कधी सोडलं नाही, सात-आठ वर्षं रोज सकाळी रंकाळ्यावर असते. तरीही गेल्या दोन वर्षांत खाणं तेच, चालणं तेच, वजनही ६४ च्या आसपास तेच, फक्त पोट पुढे आलं. आधी जे काही चढायचं ते मांड्यांवर चढायचं, आता सगळं पोटावर. तीन महिन्यांची शुगर तपासली तर ६.१ आली, ५.७ च्या खाली पाहिजे, ६.५ ला डायबेटिस धरतात. डॉक्टर म्हणाले वजन कमी करा, भात बंद करा, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. पाळी जाताना शरीरात काय होतं हे त्यांनी दोन मिनिटं सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

ते मला चुलतबहिणीकडून कळलं, ती नर्स आहे. इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, कमी होतं तशी चरबी पोटाकडे सरकते, स्नायू झिजतात आणि हाडं भराभर ठिसूळ होतात, पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत तर जास्तच. चालण्याने हृदयाला, झोपेला फायदा होतो, पण हाड आणि स्नायूवर नेहमीपेक्षा जास्त भार पडला तरच ते मजबूत होतात, आणि मी रोज तेच अंतर त्याच वेगाने चालत होते. शुगरचंही तसंच, जेवणातली साखर सगळ्यात जास्त स्नायूच ओढून घेतात, आणि स्नायू काम करत असताना इन्सुलिनवाचूनही ओढतात. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला निदान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि त्याशिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. तो दुसरा भाग मला कुणी सांगितलाच नव्हता.

आणि आई डोळ्यासमोर होती. ६९ ची असताना न्हाणीघरात नुसती घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण त्यानंतर काठीशिवाय कधी चाललीच नाही. तेव्हा ठरवलं आणि जिम लावली, आठवड्यातून तीन दिवस.

चार महिने झाले. वजन ६४ चं ६४.८ झालं, पण शिंप्याच्या टेपने कंबर ३६ इंच होती ती साडेचौतीस आली, आणि जुने ब्लाउज दंडात घट्ट व्हायला लागलेत. शुगर ५.८. दहा किलोच्या दळणाचा डबा आधी जिन्यात दोनदा टेकवावा लागायचा, मागच्या रविवारी खालून तिसऱ्या मजल्यापर्यंत एका दमात आणला, ओट्यावर ठेवला आणि मलाच खरं वाटेना. झोपही बरी लागते, घाम मात्र येतोच.

आता खरी अडचण. दोरीवरच्या उड्या किंवा जंपिंग जॅक करताना लघवी होते. आधी दोन थेंब असायची, आता पॅड लावून जाते. जोरात शिंकलं तरी होतं. जड वजन उचलताना अजून तरी झालेलं नाही, पण खाली दबाव आल्यासारखं वाटतं. हे सासूबाईंच्या लक्षात आलं तर त्या म्हणाल्या, "बंद कर ते वजन उचलणं, अंग बाहेर येतं अशानं." मी घाबरले कारण माझ्या आत्याचं अंग, म्हणजे गर्भाशय, खरंच बाहेर आलं होतं, पण ती बाळंतपणानंतर महिन्याभरातच डोक्यावर वैरणीचे भारे वाहायला लागली होती. माझं तसं होईल का? कुणी यातून गेलंय का? मला व्यायाम सोडायचा नाहीये हो, खूप वर्षांनी अंगात ताकद आल्यासारखं वाटतंय.

अपडेट, तीन दिवसांनी:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतक्या जणींना हाच त्रास असेल असं वाटलं नव्हतं. ज्या ताई फिजिओथेरपिस्ट आहेत त्यांचं उत्तर मी वहीत उतरवून घेतलं. उचलताना श्वास रोखायचा नाही, जोर लावताना सोडायचा (मी नेमकी दात-ओठ आवळून रोखून धरत होते), लघवी अडवतो तसं खालचे स्नायू वर ओढून घ्यायचे, पाच-सहा सेकंद धरायचे आणि मग पूर्ण सैल सोडायचे, रोज, निदान तीन महिने, तोवर उड्या बंद, वजनं थोडी हलकी. बद्धकोष्ठता आणि जुना खोकला असेल तर तोही बघायचा कारण कुंथण्याने तोच दबाव येतो. कालपासून श्वास सोडून उचलतेय, खाली दबाव खरंच कमी वाटला.

एकीने लिहिलंय सगळं सोडून फक्त योगासनं कर. ताई, योगासनं मला आवडतात, शनिवारी करतेच, पण हाडांसाठी मला भार हवाय.

गुरुवारी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नंबर लावलाय, बाईच आहेत. अंग खाली आलंय का ते तपासायला सांगणार आहे, हाडांची तपासणी आत्ताच करावी का तेही विचारणार आहे, काय म्हणतात ते इथे लिहीन.

अजून एक विचारायचंय, हसू नका. जिमचा ट्रेनर पोरगा माझ्या मुलापेक्षा जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठा असेल, चांगला आहे, मावशी म्हणतो. उड्या नकोत म्हटलं की "मावशी, गुडघा दुखतोय का?" विचारतो आणि मी हो म्हणते, मग तो गुडघ्याचे व्यायाम वाढवतो आणि स्क्वॉट बंद करतो, जे मला करायचे आहेत. त्याला खरं सांगायला हवं हे कळतंय. तुमच्यापैकी कुणी सांगितलंय का, आणि नेमकं काय शब्द वापरले?