मुलाचं नाव ‘निवृत्ती’ ठेवावं का?

पाटावरची

मुलगा आज नऊ दिवसांचा झाला. बाराव्या दिवशी बारसं, म्हणजे हातात तीन दिवस. बाळंतिणीने मोबाइल बघू नये असं आई म्हणते, तरी लपून लिहितेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

नवऱ्याच्या आजोबांचं नाव निवृत्ती. सिन्नरकडचे, माळकरी, गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. मी त्यांना पाहिलं नाही, पण पखवाज अजून माळ्यावर आहे, गोधडीत गुंडाळून ठेवलेला. ते नाव मुलाला ठेवावं असं माझ्या मनात आहे. सासूसासरे गप्प आहेत, म्हणजे त्यांना आवडलंय. विरोध आहे तो ज्याचे आजोबा त्याचाच. नवरा म्हणतो, “ऑफिसात पेढे वाटताना नाव सांगितलं की म्हणतील, जन्मला आणि लगेच रिटायर?”

त्याचं अगदीच खोटं नाही. मी बँकेत आहे. नोव्हेंबरात हयातीचे दाखले घ्यायला पेन्शनरांची रांग लागते, तिथे दोन वर्षं मीच बसत होते. रांगेत दरवर्षी दोन-तीन निवृत्ती सापडायचेच. अर्जावर वर छापलेलं ‘निवृत्तिवेतनधारकाचे नाव’ आणि खाली निळ्या शाईत ‘निवृत्ती’. सगळे सत्तरीच्या पुढचे. खातं उघडायला आलेल्या पोरांत मात्र हे नाव एकदाही दिसलं नाही. आरव, विहान, अद्वैत यांची नुसती रीघ.

तर विचारायचं हे, की हे नाव फक्त निवृत्तिनाथांवरूनच आलं का? शब्द तर मुलीचा वाटतो. आणि तुमच्या ओळखीत तिशीच्या आतला कुणी निवृत्ती आहे का?

दोन_मिनिटं

नका ठेवू. शाळेत पोरं ‘पेन्शन’ म्हणून हाक मारतील. आजोबांची आठवण हवी तर पखवाज शिकवा.

शुद्धलेखनवाला

पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून व्याकरणाचं मी बोलतो.

तुमचा कान बरोबर आहे. ‘वृत्’ धातू, मागे ‘नि’ उपसर्ग, पुढे ‘ति’ प्रत्यय. हा प्रत्यय लागून झालेले शब्द संस्कृतात स्त्रीलिंगी असतात. कीर्ती, प्रीती, शांती घ्या, सगळी मुलींची नावं. निवृत्ती पुरुषाचं झालं कारण पूर्ण नाव निवृत्तिनाथ. लिंग ठरवतो तो ‘नाथ’, आणि बोलताना गळतो तोही नाथच. शिवाय मारुतीमुळे मराठी कानाला ईकारान्त पुरुष खटकत नाही.

अर्थ ‘रिटायर होणं’ हा फार अलीकडचा, कचेरीतला. मूळ अर्थ मागे वळणं, बाहेर धावणाऱ्या मनाला परत फिरवणं. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी माणसांचं वर्णन आहे, त्यांना प्रवृत्ती कळत नाही आणि निवृत्तीही कळत नाही. म्हणजे कधी हात घालावा आणि कधी काढून घ्यावा, दोन्ही कळत नाही. त्याच धातूचा तिसरा शब्द आवृत्ती. पणतवाला पणजोबांचं नाव देताय, तेव्हा ही दुसरी आवृत्तीच म्हणायची.

परंपरेविषयी थोडं. आदिनाथ, मच्छिंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ आणि मग निवृत्तिनाथ. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ समोर आला, पळापळीत थोरला मुलगा चुकला आणि गहिनीनाथांच्या गुहेत पोचला, ही कथा तुमच्या सासरी सगळ्यांना पाठ असेल. पण मला स्वतःला त्याआधीची गोष्ट जास्त ओढते. विठ्ठलपंत बायको सोडून काशीला गेले, संन्यास घेतला. गुरूंना खरं कळल्यावर त्यांनी परत संसारात धाडलं. त्या परत आलेल्या संन्याशाचा पहिला मुलगा, आणि नाव काय, तर निवृत्ती! गावाने वाळीत टाकलं होतं, ‘संन्याशाची पोरं’ म्हणून हिणवत होते, आणि घरात हाक मारायची ‘निवृत्ती, जेवायला ये’. वर्गात हे सांगताना दरवर्षी माझा आवाज जरा अडखळायचा. असो.

आबा_पाटबंधारे

ताई, मी स्वतः निवृत्ती. वय 61. दोन मिनिटंवाल्यांनी दोन वाक्यांत निकाल लावला म्हणून सविस्तर लिहितो.

पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागलो. हजर व्हायला गेलो त्या दिवशी साहेबांनी रुजू अहवाल वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “आजच आलात आणि आजच निवृत्ती?” ऑफिस हसलं. मीही हसलो. हाच विनोद पुढे प्रत्येक नव्या साहेबाने केला आणि प्रत्येकाला वाटायचं आपल्यालाच सुचला. मी दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचो. नोकरीत हे एक कौशल्य मात्र माझ्या नावाने मला शिकवलं.

शेवटी खरोखरच तो दिवस आला. जन्मतारीख शाळेत मास्तरांनी लावलेली 1 जून, आमच्या पिढीत निम्म्या गावाची तीच असते. त्यामुळे 58 पूर्ण होताना 31 मेला सुटी. आदेश आला, ‘श्री. निवृत्ती अमुक तमुक, वरिष्ठ लिपिक, हे नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त’. टंकलेखक पोरगा विचारत आला, “आबा, यात एक निवृत्ती जास्त झालाय का?” फलक रंगवणाऱ्याने तर ‘निवृत्ती यांचा सेवा समारंभ’ असं रंगवलं, त्याला वाटलं निवृत्ती दोनदा आलाय ही आपली चूक. तो फलक मी घरी आणला. गच्चीवर पापड वाळत घालायला कामाला येतो.

थट्टेचं एवढंच. त्याने माणूस मरत नाही. खरा ताप इंग्रजी स्पेलिंगचा. आपण मराठी लोक ऋ चा उच्चार ‘रु’ करतो, हिंदीवाले ‘रि’. माझ्या दहावीच्या सनदेवर आर-यू, पॅनकार्डावर आर-आय, आणि एका पासबुकावर तर मधला टी एकच. पेन्शनच्या वेळी हे तीन वेगळे इसम नसून एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. एकदा पत्र आलं ते ‘श्रीमती निवृत्ती’ या नावाने. बायको म्हणाली, “उघडू नका, माझं असेल.” तेव्हा ताई, नाव ठेवा, पण स्पेलिंग पहिल्याच कागदावर ठरवा आणि पुढे हलू नका. जन्मदाखल्यात नाव घालायला एक वर्ष असतं, त्यात शुल्कही लागत नाही. घाई करू नका.

आता माझं नाव असं का. वडील पौष वद्य एकादशीला पायी त्र्यंबकला जायचे, निवृत्तिनाथांच्या यात्रेला. मी सहा वर्षांचा असताना पहिल्यांदा नेलं. पौषातली त्र्यंबकची थंडी तुम्हाला सांगतो, टाळ हातात धरला की पितळ चावतं. वडिलांनी मला उपरण्यात गुंडाळून खांद्यावर घेतलं होतं. धुक्यात ब्रह्मगिरी दिसतच नव्हता, नुसत्या पताका पुढे पुढे जाताना दिसायच्या. आणि एकदम सगळी दिंडी माझ्या नावाने ओरडली, ‘निवृत्तिनाथ महाराज की जय’. मला वाटलं मलाच हाक मारतायत. मी खांद्यावरून मोठ्याने “ओ” दिली. आजूबाजूचे म्हातारे हसले, एकाने माझे पाय धरून कपाळाला लावले. ते मला अजून आठवतं, त्याचं कपाळ गार होतं.

तेव्हापासून मला कुणी नावावरून चिडवलं की मनात येतं, तुमच्या नावाने हजार माणसं कधी ओरडली आहेत का?

आणखी एक. निवृत्ती म्हणजे आधीच निघून जाणारा असं जे म्हणतात त्यांना सांगा. ज्ञानोबांनी आळंदीला समाधी घेतली 1296 मध्ये. मागोमाग सोपानदेव सासवडला. मग तापीकाठी मुक्ताबाई. तिन्ही धाकट्यांना पोचवून मग 1297 मध्ये हे त्र्यंबकला गेले. सगळ्यात थोरले, आणि सगळ्यात शेवटी.

तिशीच्या आतला निवृत्ती? आमच्या दिंडीत एक आहे, पंचवीसचा असेल, आळंदीत शिकलेला, कीर्तन करतो. दुसरा मला माहीत नाही.

कडबोळं

माझं निरीक्षण. चार भावंडांची चार नावं, प्रत्येकाचं नशीब वेगळं. ज्ञानेश्वर कधी गेलाच नाही, प्रत्येक वर्गात एखादा माऊली असतोच. मुक्ता शहरात गेली आणि फॅशनमध्ये आली, माझ्या सोसायटीत दोन आहेत. सोपान आणि निवृत्ती गावातच राहिले.

मला वाटतं याला गजरही कारण आहे. पूर्ण म्हटलं तर ‘निवृत्ती ज्ञानदेव सोपान मुक्ताबाई एकनाथ नामदेव तुकाराम’, पहिलं नाव निवृत्तीचं. पण चालता चालता कुणाला एवढा दम असतो? ‘ज्ञानोबा-तुकाराम’ एवढंच तोंडात राहिलं. ज्याने ज्ञानोबांना उपदेश दिला तोच गळला. ज्ञानोबा स्वतः मात्र विसरले नाहीत, ‘ज्ञानदेव म्हणे निवृत्तीचा’ अशी ओळख देतात. गुरूचं नाव आडनावासारखं लावलंय.

पाटावरची

सगळ्यांचे आभार. आबा, तुमचं पत्र मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. पापडांच्या फलकापाशी तो हसला, खांद्यावरच्या ‘ओ’पाशी गप्प झाला. नंतर म्हणाला, “बघू.” आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे अर्धा होकार.

पण काल वेगळीच अडचण निघाली आणि ती कुणाच्याच लक्षात आली नव्हती. आजेसासूबाई. वय 86. हे त्यांच्या नवऱ्याचं नाव! त्यांनी जन्मात ते उच्चारलेलं नाही. रेशनकार्डासाठी विचारलं तरी नातवाला पुढे करायच्या, “तू सांग.” कडबोळं यांनी गजराचं लिहिलंय म्हणून सांगते, रोज संध्याकाळी त्या माझ्या खोलीच्या दाराशी बसून हरिपाठ म्हणतात. शेवटी गजर येतो. आठ-नऊ दिवस ऐकतेय, काहीतरी चुकतंय असं वाटायचं. काल नीट कान दिला. सुरुवातीला टाळी वाजते, ओठ मिटलेले, एक मात्रा रिकामी जाते आणि मग ‘ज्ञानदेव सोपान मुक्ताबाई’. नवऱ्याचं नाव म्हणून संताचंही नाव गिळायचं. सासूबाई म्हणाल्या, “लग्न होऊन आल्यापासून असंच ऐकतेय मी, नवं काय त्यात.”

म्हणजे मी नाव ठेवलं तर पणतवाला हाक मारायची पंचाईत. आता काय करू?

दोन_मिनिटं

हे वाचून माझं मत मागे घेतो. म्हणजे निवृत्त होतो. ठेवा नाव.

आबा_पाटबंधारे

त्यांनाच विचारा. आमच्याकडे चुलतीला सासऱ्याच्या नावाचा पुतण्या होता, ती त्याला ‘थोरले’ म्हणायची. म्हाताऱ्या बायकांकडे याला वाटा असतात.

पाटावरची

झालं बारसं. आबा, विचारलं मी त्यांना. पहिल्यांदा लाजल्या, पदर तोंडाला लावला. म्हटलं, आजी, दुसरं ठेवू का? तर घाईने म्हणाल्या, “नको नको, राहू दे तेच.”

आत्याने कानात कुर्र करून नाव सांगितलं. बायका गोळा झाल्या. कुणीतरी आजींना म्हणालं, आता तुम्ही घ्या नाव, उखाण्यात चालतं. त्यांनी मान हलवली. पाळण्याशी वाकल्या, दोरी हातात घेतली आणि म्हणाल्या, “काय रे नाथा.”

शुद्धलेखनवाले सर, तुम्ही म्हणालात बोलताना नाथ गळतो. आमच्याकडे तोच तेवढा राहिला. दोन दिवसांत सगळं घर नाथा म्हणायला लागलंय, नवरासुद्धा. ‘नाथ’ म्हणजे नवराच की, हे माझ्या नणंदेने आजींना सांगितलं तर म्हणाल्या, “गप गं, ते देवाचं आहे.”

स्पेलिंग आर-यू, दोन टी. जन्मदाखल्याचा अर्ज भरून ठेवलाय. फक्त एक, मराठीत शेवटची वेलांटी कुठली? पत्रिकेवर पहिली पडली होती, सासरे म्हणतात चूक.

शुद्धलेखनवाला

सासरे बरोबर. एकटं लिहिताना दुसरी, ‘निवृत्ती’. पुढे नाथ जोडलात तर पहिली, ‘निवृत्तिनाथ’. 1962 पासून नियम तसा आहे. अर्जावर दुसरी आहे ना, ते आत्ताच बघून घ्या.