मदत हवी आहे: बाबांची दाढ ठणकतेय, डॉक्टर काढत नाहीत

केतकी_कराड
परवापासून खालची दाढ ठणकतेय, रात्रभर झोप नाही. दातांचे डॉक्टर म्हणतात, किडनीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. ते फोन उचलत नाहीत. तोवर कॉम्बिफ्लाम देऊ का? लवकर सांगा.

निवांत
किडनीचे डॉक्टर कशासाठी? वय? शुगर? रक्त पातळ करायची गोळी?

पारिजात
लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवा. पेरूची कोवळी पानं उकळून चुळा भरायला द्या. आमच्या आजीने दातांचा डॉक्टर कधी पाहिला नाही.

केतकी_कराड
वय ६४. डायलिसिस चालू आहे ना, मंगळ-गुरु-शनी. शुगर नाही, रक्ताची गोळी नाही. कॉम्बिफ्लामचं सांगा.

सुईदोरा
अजिबात नको! त्यात आयब्युप्रोफेन हे दुखण्यावरचं औषध असतं. तसलंच डायक्लोफेनॅकही नको. बाबांना थोडीफार लघवी होत असेल तर तीही बंद होऊ शकते, रक्तस्रावाची भीती वेगळीच. पॅरासिटामॉल चालतं, किती ते डायलिसिस सेंटरला विचारा.
माझे मिस्टर डायलिसिसवर आहेत. रक्त गोठू नये म्हणून मशीनवर हेपरिन देतात, म्हणून दाढ दुसऱ्या दिवशी काढतात. आज मंगळवार, सेंटरवर जाणारच आहात. तिथल्या ड्यूटी डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, उद्या काढून होईल. आणि फिस्टुलाच्या (डायलिसिसच्या सुया टोचायला शिरा जोडलेल्या) हातावर बीपी घेऊ देऊ नका.

अण्णा_५२
काढायची कशाला? रूट कॅनल करा. हल्ली उठसूट दात उपटतात.

सुईदोरा
अण्णा, एक्सरे न बघता?

पारिजात
लवंगेने किडनीला काय होणार?

निवांत
किडनीला नाही, हिरडी भाजते. आणि आत पू असेल तर तो तसाच राहतो. केतकी, गाल सुजलाय? ताप? तोंड नीट उघडतं? गिळता येतं? डायलिसिसच्या पेशंटला इन्फेक्शन पटकन चढतं, यातलं काही असेल तर उद्यावर टाकू नका.

केतकी_कराड
गाल थोडा सुजलाय. ताप नाही, जेवतात. हिरड्या मात्र कधीपासून फुगलेल्याच आहेत.

सुईदोरा
सूज आजच सेंटरवर दाखवा. अँटिबायोटिक लागलं तर डोस तेच ठरवतील, मेडिकलमधून परस्पर आणू नका. बीपीला अम्लोडिपिन आहे का? त्याने हिरड्या फुगतात.

केतकी_कराड
तीच आहे! बंद करू?

सुईदोरा
नाही हो! बीपी भडकेल. विचारा, बदलायची तर ते बदलतील.

अण्णा_५२
ट्रान्सप्लांटला नाव घातलंय का? त्याआधी दात तपासून घ्यावे लागतात.

केतकी_कराड
अण्णा, ते नंतर. सेंटरला निघालोय.