व्हर्मीरची प्रत करताना पार्श्वभूमी निर्जीव आणि चेहरा मळकट का होतो? (एक प्रश्न आणि त्याची उत्तरं; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

कुंचला
सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याच्या ‘मोत्याचं डूल घातलेली मुलगी’ची तैलरंगात प्रत चालू आहे. कॅनव्हास १८ × १६ इंच, पांढऱ्या जेसोवर (कॅनव्हासवरच्या अस्तरावर) थेट रंग. आयव्हरी ब्लॅक या काळ्या रंगाची पार्श्वभूमी अगदी सपाट दिसते, मूळ चित्रातली खोली येत नाही. गालाच्या सावलीत काळा मिसळला की चेहरा मळतो. आणखी एक शंका: व्हर्मीर कॅमेरा ऑब्स्क्युरावरून (भिंगातून समोरच्या दृश्याचं प्रतिबिंब पाडणाऱ्या पेटीवरून) चित्र गिरवायचा म्हणतात. मग प्रोजेक्टरनं रेखाटन केलं तर ती त्याचीच पद्धत झाली का?

जवसाचं तेल
माप योग्य घेतलंय. मूळ चित्र ४४.५ × ३९ सेंमी आहे, A३ वर केलं असतं तर दोन्ही बाजू कापल्या गेल्या असत्या.

पार्श्वभूमी मुळात काळी नव्हतीच. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात २०१८ साली चित्राची तपासणी झाली, त्यात वर उजवीकडे पडद्याच्या चुण्या सापडल्या. गडद थरावर नीळ आणि वेल्ड या झाडाचा पिवळा रंग यांचा ग्लेझ, म्हणजे रंगाचा पातळ पारदर्शक थर, होता, म्हणजे मुलीच्या मागे हिरवा पडदा होता. हे वनस्पतिज रंग कालांतरानं उडाले आणि खालचा अंधार तेवढा राहिला. तुम्ही त्या उरलेल्या अंधाराची प्रत करताय, म्हणून ती सपाट येते.

खालच्या थरासाठी आयव्हरी ब्लॅक दोन भाग, रॉ अंबर हा तपकिरी रंग एक भाग, टर्पेंटाइननं पातळ करून. अंबर टाळू नका. आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो, अंबरमधल्या मँगनीजमुळे थर लवकर वाळतो. खालचा थर ओला असताना वर तेलकट ग्लेझ दिला तर पुढे तडे जातात. आठवडाभर तरी थांबा, मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात दुप्पट. मग प्रशियन ब्लू आणि पारदर्शक पिवळा जवसाच्या तेलात कालवून अगदी पातळ लावा आणि कोरड्या मऊ ब्रशनं पसरवा. एका ग्लेझनं भागत नाही, दोन-तीन लागतात.

सावलीचा रंग
चेहऱ्याचं उत्तर तुमच्या पांढऱ्या जेसोतच आहे. व्हर्मीर आधी तपकिरी-काळ्या छटांत उजेड-सावली बसवून घ्यायचा. सावलीच्या भागात वरचा रंग पातळ ठेवायचा, उजेडात जाड. त्यामुळे सावलीला खालच्या तपकिरीची ऊब मिळते. तुम्ही पांढऱ्यावरून सुरुवात केलीत, म्हणून सावली काळ्यानं ‘बनवावी’ लागतेय, आणि काळा पांढऱ्यात मिसळला की निळसर राखाडी होतो. त्वचेवर तोच मळ दिसतो.

आता चेहऱ्याचा भाग वाळू द्या, बर्न्ट अंबरचा पातळ थर द्या, उजेडाच्या जागा फडक्यानं पुसून काढा आणि तिथून पुढे चला. टायटॅनियम व्हाइट हात राखून वापरा. तो जुन्या शिशाच्या पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त झाकतो, रंग खडूसारखा होतो. थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा) घाला. शिशाचा पांढरा विषारी आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

नाकाची कड नीट बघा. नाक आणि पलीकडचा गाल यांच्यामध्ये रेघच नाही, दोन्हीकडे जवळपास एकच रंग आहे. बहुतेक प्रती इथेच फसतात, कारण रेखाटनात काढलेली रेघ रंगवताना सोडवत नाही.

दोरी आणि खडू
प्रोजेक्टर खुशाल वापरा, पण त्याला व्हर्मीरची पद्धत म्हणू नका. १६७५ साली तो वारला, त्यानंतर झालेल्या घरातल्या सामानाच्या यादीत ईझल (चित्र टेकवायच्या चौकटी) आहेत, पॅलेट आहेत, कॅमेरा ऑब्स्क्युरा नाही. उलट त्याच्या अनेक चित्रांत टाचणीचं एक भोक सापडलंय. ‘दूधवाली’मध्ये ते तिच्या उजव्या हाताच्या वर आहे. व्हॅनिशिंग पॉइंटवर (चित्रातल्या खोलवर जाणाऱ्या रेघा जिथे मिळतात त्या बिंदूवर) टाचणी, तिला खडू लावलेली दोरी, दोरी ताणून टिचकी मारायची, की खिडकीची तिरपी रेघ कॅनव्हासवर उमटते. सुतार लाकडावर सूत मारतो, तसंच.

त्याच चित्रातले पावावरचे गोल ठिपके भिंगाचा पुरावा म्हणून दाखवतात. पण भिंगातून असे गोल दिसतात ते ओल्या, चकाकत्या जागी. खरखरीत पावावर त्यानं ते मनानं पेरलेत. भिंगातून पाहणं त्यानं अभ्यासलं असेल, हे मला पटतं. गिरवणं पटत नाही.

कुंचला
रेघेचं लक्षात आलं, कड मोडून काढतो. मोती कसा करायचा?

सावलीचा रंग
मोत्याला बाह्यरेषा काढू नका. मूळ चित्रात कानात अडकवायची कडीसुद्धा नाही. मानेच्या सावलीवरच वर डावीकडे पांढऱ्याचा एक जाड ठिपका, आणि खाली कॉलरचं प्रतिबिंब म्हणून पातळ, धूसर पांढऱ्याचा एक पसरट फटकारा. खालचा फटकारा वरच्यापेक्षा बराच मंद हवा, दोन्ही सारखे उजळ झाले की मोत्याची काचेची गोटी होते. मान पूर्ण वाळल्यावरच हात लावा, आणि वरचा ठिपका एकदा ठेवला की त्यावर ब्रश फिरवू नका.