३०८ रायफलसाठी तांब्याची गोळी, १५० ग्रेन की १६८? आणि शिशाच्या उरल्यात त्यांचं काय

सॅनहोजेकर
नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, लायसन्स काढलं आणि आता ऑफिसातला एक मित्र पासो रोबल्सजवळच्या एका रँचवर रानडुकराला घेऊन चाललाय, मालकाची परवानगी वगैरे सगळं आहे. बंदूक सेकंडहँड ३०८ बोल्ट ॲक्शन, ट्विस्ट (नळीतला पीळ) १ ला १०, म्हणजे दहा इंचात एक वेढा. तिच्याबरोबर शिशाच्या सॉफ्ट पॉइंटचे (टोकाला शिसं उघडं असलेल्या गोळ्यांचे) चार डबे मिळाले, १८० ग्रेनचे (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप). नेमबाजीच्या रेंजवर त्या मस्त बसतात, शंभर यार्डाला तीन गोळ्या चहाच्या कपाच्या तोंडात मावतील एवढ्यात. आणि मग कोर्सची वही परत चाळताना लक्षात आलं की कॅलिफोर्नियात शिकारीला शिसं चालतच नाही!

दुकानात गेलो तर काउंटरवरच्या पोराने 'कॉपर जॅकेट' लिहिलेला डबा पुढे केला, म्हणाला हीच तांब्याची. मी घेऊन पण आलो, घरी आल्यावर मित्र हसला, म्हणे अरे आत शिसंच आहे, वरून तांब्याचा पत्रा. खरी तांब्याची बघितली तर किंमत जवळजवळ दुप्पट. शिवाय नेटवर वाचलं की तांब्याची गोळी फुलतच नाही, पेन्सिल खुपसल्यासारखी आरपार जाते आणि जनावर पळून जातं. खरंय का? आणि घ्यायचीच तर वजन कुठलं, माझी १८० ला झिरो केलेली आहे (नेम त्या गोळीवर जुळवलेला) म्हणून १८० चीच घेऊ का?

रानवाट
१८० अजिबात घेऊ नकोस. हीच चूक मी २०१९ ला केली, १ जुलैपासून सगळ्या राज्यात सगळ्या शिकारीला शिसं बंद झालं त्या वर्षी. (कंडोर, म्हणजे इथली मोठी गिधाडं, जिथे फिरतात त्या भागात मोठ्या शिकारीला तर २००८ पासूनच बंद होतं.) मी आपला जुन्या सवयीने १८० ग्रेन उचलली आणि एका मोठ्या डुकरावर लांबून, तीनशे यार्डाच्या पुढेच असेल, बार टाकला. बरगडीतून गेली, डुक्कर हललं आणि सरळ झुडपात. रक्त म्हणशील तर दगडावर चार थेंब. दोन तास गुडघ्यावर रांगत शोधलं तेव्हा मिळालं, आत भोक बघितलं तर करंगळी जाईल एवढंच. म्हणजे तुझी ती पेन्सिलवाली गोष्ट खोटी नाही, पण दोष तांब्याचा नव्हता, माझा होता.

शिसं मऊ, हळू लागलं तरी पसरतं. तांबं कडक, त्याला टोकाला भोक पाडलेलं असतं, जनावराच्या अंगातलं पाणी त्या भोकात जोरात घुसतं आणि त्याच्या दाबाने गोळी चार पाकळ्यांत उलगडते. जोर पाहिजे म्हणजे वेग पाहिजे. बहुतेक तांब्याच्या गोळ्यांना लागतानाचा वेग सेकंदाला १८०० ते २००० फूट तरी हवा, त्याखाली गेलं की उलगडायची खात्री नाही. म्हणून हलकी घ्यायची म्हणजे वेगात निघते. ३०८ ला १५० ग्रेन साधारण २८०० ने निघते, तीनशे यार्डापर्यंत काही काळजी नाही. आणि हलकी म्हणून कमी घुसेल असं समजू नको, शिशाची गोळी वाटेत तुकडे सांडत जाते, तांब्याची उलगडून पण वजन जवळपास सगळं राखते. शिशाची १८० जे काम करते ते तांब्याची १५० आरामात करते.

अजून एक म्हणजे लांबी. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९, म्हणजे त्याच वजनाची तांब्याची गोळी जास्त लांब होते आणि लांब गोळीला नळीत जास्त पीळ लागतो. तुझ्या १ ला १० ला काही प्रॉब्लेम नाही. जुन्या २२३ (लहान गोळीच्या रायफल) वाल्यांची मात्र पंचाईत होते, त्यांच्या १ ला १२ च्या नळ्या, लांब गोळी हवेत डोलायला लागते आणि कागदावर गोल भोकाऐवजी आडवं भोक.

आणि मारताना फुफ्फुसाच्या मागे नको, खांद्याच्या रेषेत धर. हाड लागलं तर तांबं खूशच होतं.

बापू_ह्यूस्टन
इकडे टेक्सासमध्ये हरणाला-डुकराला शिसं चालतं त्यामुळे मी अजून शिशावरच आहे आणि लाज वाटत नाही. माझे बार सगळे मचाणावरून ऐंशी-नव्वद यार्डावर, थर्टी-थर्टी लिव्हर ॲक्शन (जुन्या धाटणीची रायफल), तिचा वेगच मुळात कमी, तिला साधी जुनी सॉफ्ट पॉइंट झकास फुलते. स्वस्त गोळी असली की माणूस रेंजवर जास्त बार करतो हा मुद्दा कुणी मांडतच नाही. महाग डबा आणायचा, तीन बार करायचे आणि झिरो झालं म्हणून जंगलात शिरायचं, असे किती बघितले.

आणि शिसं म्हणजे सगळं एकच असं पण नाही. साधी जॅकेटवाली वेगळी, जॅकेटला शिसं चिकटवलेली बाँडेड वेगळी, आणि माझी आवडती पार्टिशन, १९४८ पासून मिळतेय. तिच्यात मधोमध तांब्याची भिंत, पुढचं शिसं फुलून झडतं, मागचं भिंतीआड तसंच राहून आत घुसत जातं. मोठ्या जनावराला मला अजून तीच बरी वाटते. कॅलिफोर्नियात तीही बंदच, आत शिसं आहे ना.

सुगरण_फ्रेस्नो
शिकार नवरा करतो, साफसफाई आणि फ्रीजर माझ्याकडे, तर मी माझ्या बाजूचं सांगते. शिशाच्या दिवसांत आम्ही जखमेभोवतीचं वीतभर मांस कापून टाकायचो आणि समजायचो झालं. मग कळलं की ते कण डोळ्याला दिसत नाहीत, वीतभराच्या पुढे पण जातात. २००९ साली एक अभ्यास आला होता, ३० हरणं शिशाने मारलेली, नेहमीच्या खाटकांकडून कापून आणली आणि पाकिटांचे एक्स-रे काढले. दहातल्या आठ हरणांच्या निदान एका पाकिटात धातूचे कण निघाले. खिम्याचं तर बोलायलाच नको, मशीनमध्ये एक तुकडा गेला की सगळ्या घाण्यात फिरतो. आणि आमच्याकडे डुकराचा होतो खिमाच जास्त, मटार घालून. पोरं लहान आहेत, आम्ही तेव्हाच बदललं. बापूभाऊ तुम्ही खुशाल खा पण नातवंडांना वाढताना विचार करा.

तांब्याने अजून एक फायदा, जखमेभोवती काळंनिळं झालेलं मांस पुष्कळ कमी निघतं. खांद्याचं सुक्कं होतं आता, आधी खांदा फेकूनच द्यायला लागायचा.

बापू_ह्यूस्टन
वहिनी हे मात्र पटलं. खिम्याचं लक्षात नव्हतं आलं.

गिधाडवेडा
मी शिकार करत नाही, कॅलिफोर्नियातल्या पिनॅकल्स नॅशनल पार्कला कंडोर बघायला जातो, तुम्ही हाकलणार नसाल तर दोन ओळी. १९८२ ला जगात २२ कंडोर उरले होते, १९८७ पर्यंत जंगलातले सगळे पकडून आणले आणि पिंजऱ्यात वाढवून परत सोडले, आता पाचशेच्या वर आहेत. तरी मोकळ्या कंडोरच्या मरणाचं मोठं कारण अजून शिसंच आहे. शिकारी जागेवर जनावर साफ करतो, आतडी तिथेच टाकतो, त्यात गोळीचे कण. पक्ष्याच्या पोटातलं आम्ल एवढं जहाल की शिसं विरघळून रक्तात जातं. पाखरं पकडून रक्त तपासतात, शिसं जास्त असलं तर औषध देऊन ते बाहेर काढतात आणि परत सोडतात, दरवर्षीचा धंदा.

आपल्याकडे डायक्लोफेनॅकने हेच झालं ना. ढोराला दुखण्याचं औषध दिलं, ढोर मेलं, गिधाडांनी खाल्लं आणि गिधाडं संपली. २००६ ला जनावरांसाठी ते बंद केलं तेव्हा कुठे श्वास मिळाला. माझा मामा म्हसळ्याचा, चिरगावच्या झाडांवरची गिधाडं मी लहानपणी मोजलीयत, म्हणून हा विषय दिसला की मला गप्प बसवत नाही.

रानवाट
हाकलतो कशाला, तुझ्यासारख्यांमुळेच आतडी पुरायची सवय लागली मला.

सॅनहोजेकर, दोन गोष्टी राहिल्या. शिकारीला जाताना गाडीत शिशाचा डबा चुकूनही ठेवू नकोस. इथे नुसतं शिशाने मारणं नाही तर शिकार करताना त्या गोळ्या आणि त्या चालणारी बंदूक जवळ असणं हाच गुन्हा आहे, पहिल्या वेळी ५०० डॉलर. रेंजवर मात्र चालतात, रेंजचा स्वतःचा नियम असेल तेवढा बघ. दुसरं, तांब्याच्या गोळ्या टाकायच्या आधी तांबं विरघळवणाऱ्या औषधाने नळी नीट घासून काढ, चिंधीवर निळा डाग यायचा थांबेपर्यंत. जुन्या थरावर तांबं नखरे करतं आणि मग लोक गोळीला शिव्या देतात.

सॅनहोजेकर
उशिरा लिहितोय, जाऊन आलो. १५० ग्रेनचे दोन डबे घेतले, गोळीला निळं प्लास्टिकचं टोक आहे. आदल्या शनिवारी नळी घासायला बसलो, पहिल्या आठ-दहा चिंध्या शाईत बुडवल्यासारख्या निळ्या, बायको विचारतेय पेन फुटलं का. रेंजवर गोळ्या १८० पेक्षा अडीच इंच वर आणि जरा डावीकडे लागत होत्या म्हणजे झिरो नव्याने करायलाच लागलं, त्यात एक डबा जवळपास संपला. बापू, तुमचं बरोबर, तीन बारात काही होत नाही.

डुक्कर नव्वद यार्डावर मिळालं, ओकच्या झाडाखाली माती उकरत होतं. खांद्याच्या रेषेत धरलं. तीस-एक पावलं पळालं आणि बसलं. पलीकडचं भोक रुपयाएवढं. गोळी आरपार जाऊन मागच्या उतारात कुठे घुसली देव जाणे, मित्र आणि मी काठीने उकरत बसलो होतो, त्या चार पाकळ्या मला बघायच्या होत्या पण नाही मिळाल्या. आतडी खड्डा करून पुरली, जमीन कसली कडक होती, मारण्यापेक्षा त्यालाच वेळ लागला.

सुगरणताई, सुक्क्याला मसाला कुठला घालता ते सांगा, कोल्हापुरी घातला तर डुकराला जास्त होतो का? शिशाचे अडीच डबे उरलेत ते रेंजवर संपवतोय, तेवढे झाले की मग बंदुकीला एकच झिरो ठेवणार.