लाल सिग्नलजवळची लोखंडी भुजा गाडी कशी थांबवते?

लोहमार्गी: लंडनच्या भुयारी रेल्वेच्या जुन्या मार्गांवर सिग्नलपाशी रुळालगत एक बुटकी भुजा असते आणि सिग्नल लाल असताना ती उभी राहते, असे वाचले. एवढ्याशा भुजेने भरधाव गाडी कशी थांबते? आणि बिघाड होऊन ती वर आलीच नाही तर?

तारयंत्री: भुजा गाडीला अडवत नाही, ती फक्त ब्रेक लावून देते. गाडीच्या पुढच्या बोगीवर, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यावर, ‘ट्रिपकॉक’ नावाची हवेची तोटी असते व तिचा दांडा खाली लोंबत असतो. लाल सिग्नल ओलांडताच तो दांडा भुजेवर आपटून मागे ढकलला जातो, तोटी उघडते, ब्रेकच्या नळीतली हवा निसटते आणि आणीबाणीचे ब्रेक लागतात. चालकाच्या मर्जीचा त्यात प्रश्नच येत नाही. बिघाडाचा विचार रचनेतच केलेला आहे. भुजा स्प्रिंगच्या जोराने वर येते आणि ती खाली ठेवण्यासाठी दाबाखालची हवा लागते, त्यामुळे हवा गेली की ती उभीच राहते. गाड्यांचा खोळंबा होतो, इतकेच.

लोहमार्गी: मग अशीच भुजा असूनही न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत 1995 साली दोन गाड्यांची टक्कर कशी झाली?

तारयंत्री: विल्यम्सबर्ग पुलावरच्या त्या अपघातात भुजेने आपले काम चोख केले होते, ब्रेकही लागले होते. परंतु तेथील सिग्नलांमधील अंतर 1918 च्या सुमारास, त्या काळच्या आखूड, हलक्या आणि संथ गाड्यांच्या हिशेबाने ठरवलेले होते. गाड्या बदलल्या, अंतर तेच राहिले, आणि मागची गाडी थांबण्यापूर्वीच पुढच्या गाडीवर आदळून तिचा चालक दगावला. सिग्नलपुढे गाडी थांबण्यापुरती मोकळी जागा नसेल, तर भुजा असून नसल्यासारखीच.

रूळपारखी: यात वेगाचा मुद्दाही आहे. 28 फेब्रुवारी 1975 रोजी लंडनच्या मूरगेट स्थानकात गाडी फलाट ओलांडून पुढच्या बंद बोगद्याच्या भिंतीवर आदळली आणि 43 जण मरण पावले. स्थानकात शिरण्याचा सिग्नल मोकळा असल्याने भुजा खालीच होती. त्यानंतर अशा अखेरच्या स्थानकांत, गाडी पुरेशी संथ आली तरच भुजा खाली जाईल, अशी वेळेशी बांधलेली व्यवस्था करण्यात आली.

उपनगरी: मुंबईच्या लोकलला अशी भुजा आहे का?

तारयंत्री: नाही. तेथे ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टीम आहे. रुळांत बसवलेल्या चुंबकांकडून गाडीला सिग्नलची खबर मिळते आणि लाल सिग्नल ओलांडल्यास ब्रेक लागतात.